पहिला डोळा

“पहिला डोळा माझा,” उमराणीकर सरांनी पुन्हा बजावलं. “मी बघितल्याशिवाय कोणी बघायचं नाही. मास्तर, तुम्हीसुद्धा नाही.”

“आता सर, काढलं मी आणि मीच बघायचं नाही म्हणजे?” लोहार मास्तर म्हणाले.

“चित्र बघा की हवं तेवढं. भोकातून बघायचं नाही.”

आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसलो होतो. टेबलावर जुन्या चादरीत गुंडाळलेली लाकडी फळी होती. सरांनी चादरीखाली हात घातला, फळीच्या मधोमध पाडलेलं बोराएवढं भोक बोटानं चाचपलं, मग वरच्या भागावरून अंगठा हलकेच फिरवला.

“वर्ख बसला का नीट?”

“बसलाय. पण हात नका लावू, निघून येतो. पेढ्यावर लावतात तोच आहे तो.”

“मग फळी मुंग्यांपासून सांभाळा,” पाटणकर वकील म्हणाले. “नाहीतर रविवारपर्यंत आभाळ खाऊन टाकतील.”

सर मोठ्यानं हसले. मीही हसले. त्या खोलीत आम्ही नेहमीच असं हसत असू. आता आठवतं ते हेच, की त्या संध्याकाळी सरांनी फळी हातांनी बघितली, आणि आम्हा तिघांपैकी कोणालाही त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आमच्या मंडळाचं नाव होतं ‘रेनेसाँस अभ्यास मंडळ, कऱ्हाड’. खोलीच्या दारावर तशी पाटी होती. अभ्यास इटलीतल्या प्रबोधनकाळाचा, म्हणून गावात आम्हाला ‘इटलीवाले’ म्हणत. पाटणकर वकिलांना त्यांचे पक्षकार कोर्टाच्या आवारात विचारायचे, “काय साहेब, इटलीत पाऊसपाणी कसं काय यंदा?” वकीलही तितक्याच गंभीरपणे उत्तर देत, “पेरण्या झाल्या म्हणायच्या.”

मंडळ सरांनी काढलेलं. कॉलेजात ते इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इतरांनी प्लॉट घेतले, बागा केल्या. सरांनी हे मंडळ काढलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक. दर बैठकीत एकाचा निबंध, पण तो ज्यानं लिहिला त्यानं वाचायचा नाही. वाचायचा दुसऱ्यानं. लिहिणाऱ्यानं हाताची घडी घालून ऐकायचं. “आपलं लिहिलेलं आपल्याच आवाजात ऐकलं, की माणूस स्वतःवर खूश होतो,” सर म्हणत. “दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की लाज वाटते. लाज वाटली की अभ्यास होतो.” सरांचे निबंध बहुतेक वेळा मी वाचत असे.

मी काही विदुषी नव्हते. नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, “बाई, रस्ता पुढं पुढं बारीक होत जातो, मग तिकडून एस.टी. कशी येते?” मी तिला काहीबाही सांगितलं, पण माझं मलाच ते पटलं नाही. कोणीतरी म्हणालं, उमराणीकर सरांकडे जा. मी गेले. सरांनी चहाच्या दोन कपबश्या, एक काडेपेटी आणि स्वतःची छत्री असा सगळा संसार टेबलावर मांडून मला यथार्थदर्शन समजावलं. लांबची वस्तू लहान का दिसते, समांतर रेषा क्षितिजाशी एकत्र का येतात, आणि हे नीट हिशोबानं कागदावर उतरवायला माणसाला किती शतकं लागली. परत जाताना मला रस्ता वेगळाच दिसत होता. पुढच्या बैठकीपासून मी मंडळात.

त्या वर्षी सरांनी मनावर घेतलं होतं ते ब्रुनेलेस्कीचं. हा फ्लॉरेन्सचा वास्तुशिल्पी. त्यानं काय केलं, तर मोठ्या चर्चच्या दारात उभं राहून समोरच्या इमारतीचं एका फळीवर हुबेहूब चित्र काढलं. आभाळाच्या जागी रंग न लावता घासून चकचकीत केलेली चांदी बसवली, म्हणजे खरे ढग तिच्यात दिसावेत. मग फळीला मधोमध भोक पाडलं. बघणाऱ्यानं त्याच दारात उभं राहायचं, फळीची मागची बाजू डोळ्याला लावायची, चित्र समोरच्या बाजूला, आणि पुढे हातात आरसा धरायचा. भोकातून बघितलं की आरशात चित्र दिसतं. आरसा बाजूला केला की खरी इमारत दिसते. कोणतं चित्र आणि कोणती इमारत, ओळखता येऊ नये.

“पंचवीस वर्षं मी हे वर्गात सांगितलं,” सर म्हणाले होते. “एकदाही बघितलं नाही. आता बघायचंय.”

वाचनालयाच्या दारासमोरच महादेवाचं देऊळ होतं. मध्ये फरसबंद अंगण, डाव्या बाजूला एकुलती एक दीपमाळ, उजवीकडे जुना चाफा. हायस्कुलात चित्रकला शिकवणाऱ्या लोहार मास्तरांनी उन्हाळ्याची सुटी त्या दारात बसून घालवली आणि देऊळ फळीवर उतरवलं. दगडाचे सांधेसुद्धा सोडले नाहीत.

मीही एक सुचवलं होतं. माझी मुलं वर्गात काठ्या आणि सुतळ्या घेऊन यथार्थदर्शन शिकायची. त्यांना हे अंगणात करून दाखवू द्या. सरांना ते रुचलं नाही.

“सुतळी शाळेत ठीक आहे, शिंगटेबाई. हा प्रयोग आहे, खेळ नाही.”

“मुलं आली नाहीत तर गर्दी कुठून आणायची सर?” पाटणकर म्हणाले. “आपण आठ-दहा इटलीवाले, आणि नंदी.”

“बरं. शेवटी. वेळ उरला तर.”

त्या संध्याकाळी जिना उतरताना सर माझ्यापुढे होते. त्यांचा एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात छत्री. त्यांना काचबिंदू होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कडेचं दिसत नाही, समोरचं नळीतून दिसावं तसं दिसतं, असं ते स्वतःच सांगत. “ब्रुनेलेस्कीला भोक पाडावं लागलं. माझं देवानंच पाडून दिलंय,” हा त्यांचा आवडता विनोद होता.

“रविवारी हेमंत येतोय,” ते खाली पोचल्यावर म्हणाले. हेमंत त्यांचा मुलगा. पुण्यात इंजिनियर होता.

“प्रयोग बघायला?”

“मला बघायला. आमचं ठरलंय ना. दिसतंय तोवर मी इथे. दिसायचं थांबलं की निमूटपणे पुण्याला. शब्द दिलाय मी त्याला.” मग म्हणाले, “घर चांगलं आहे त्याचं. तिसरा मजला.”

“लिफ्ट आहे का?”

“लिफ्ट आहे हो. मंडळ नाही.”

सर एकटे राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाकाला एक बाई येत. घर ते वाचनालय हा त्यांचा रस्ता, दुसरा रविवार हा त्यांचा सण. पुण्याला गेले तर काय उरेल, हे मी त्यांना विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी मुलांना घेऊन लवकर गेले. लोहार मास्तर आधीच आले होते. दारात उभे राहून ते आरसा पुढेमागे करत होते. पहिला डोळा सरांचा हे ठीक, पण आरसा किती लांब धरायचा ते ठरवायला हवं होतं, म्हणून त्यांनी चोरून भोकातून बघितलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“बाई, जरा बघा हो. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.”

मी फळी डोळ्याला लावली. त्यांनी पुढे आरसा धरला. भोकात देऊळ उभं राहिलं, अगदी खरं, त्यावर वर्खाचं आभाळ थरथरत होतं. आणि दीपमाळ उजवीकडे होती.

“आरसा काढा,” मी म्हटलं.

त्यांनी काढला. खरी दीपमाळ डावीकडे. आरसा आला, उजवीकडे. गेला, डावीकडे. दीपमाळ आणि चाफा आपसात जागा बदलत होते, फुगडी घालावी तसे.

“आरशात उलटं दिसणार!” मी म्हणाले. “चित्र मुळात उलटं काढायला हवं होतं.”

लोहार मास्तर पायरीवर बसले. “बाई, मी रोज आरशासमोर दाढी करतो. आणि हे मला सुचलं नाही?”

सुचलं कोणालाच नव्हतं. आम्ही सगळं पुस्तकातून घेतलं होतं, आणि पुस्तकातली ती इमारत दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी. उलटी काय, सुलटी काय, फरक फारसा पडत नाही. म्हणून पुस्तकात तो प्रश्न आला नाही, आणि पुस्तकात आला नाही म्हणून आमच्या डोक्यातही आला नाही. इतकी वर्षं आम्ही या आरशावर बोलत होतो. आरसा कोणी हातात धरला नव्हता.

“सरांना आत्ताच जाऊन सांगतो,” मास्तर उठले.

मीच त्यांना थांबवलं. मला हसू येत होतं. वर्गात मी कधीकधी फळ्यावर मुद्दाम एक चूक ठेवते आणि मुलांना म्हणते, शोधा. ज्याला सापडते त्याचा चेहरा दिवसभर फुललेला असतो. “सांगू नका,” मी म्हटलं. “त्यांनाच सापडू द्या. बघा, डोळा लावल्या-लावल्या ओरडतील, मास्तर, आरसा विसरलात की हो! केवढी गंमत वाटेल त्यांना.”

मास्तरांना ते पटलं नसावं, पण ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले आणि फळीवर चादर टाकली.

लोक जमले. मंडळाचे सभासद, देवळात आलेली काही माणसं, माझी मुलं. सर पांढरं स्वच्छ धोतर आणि काळा कोट घालून आले. शेजारी हेमंत होता, उंच, दाढी वाढलेला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारा.

“ही शिंगटेबाई,” सर माझ्या आवाजाकडे वळून म्हणाले. “माझे निबंध हिच्या तोंडून चांगले वाटतात.”

“बाबा तुमच्याबद्दल बोलतात,” हेमंत म्हणाला. मग जरा हळू, “खरं सांगू का बाई, मला हे कधी कळलंच नाही. इटलीतली माणसं, पाचशे वर्षांपूर्वी मेलेली, आणि बाबा इथे त्यांच्यासाठी घर सोडत नाहीत.”

“ऐकू येतंय मला,” सर म्हणाले. “पाचशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं कटकट करत नाहीत, हा त्यांचा गुण तू लक्षात घे.”

पाटणकरांनी दोन शब्द सांगितले. ते नेहमीप्रमाणे पुष्कळ झाले. मग सर दारात, ठरलेल्या खुणेवर उभे राहिले. मास्तरांनी फळी त्यांच्या हातात दिली. सरांनी ती चेहऱ्याला लावली. मास्तर समोर आरसा घेऊन उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ दाबून हसू आवरत होते.

अंगण शांत झालं. सर बघत होते.

मी वाट बघितली. आता ओरडतील. आता.

“वा,” सर हळूच म्हणाले. मग आवाज चढवून, वर्गात बोलत असल्यासारखं, “ही डावीकडे दीपमाळ. तिच्यामागे ओसरीचा कोपरा. उजवीकडे चाफा. दगडाचा सांधा न् सांधा दिसतोय. आता आरसा काढा मास्तर.”

मास्तरांनी आरसा खाली घेतला.

“काढला?” क्षणभर थांबून सर म्हणाले, “काढला. आणि बघा, काही फरक नाही! चित्र गेलं, देऊळ आलं. दीपमाळ जागच्या जागी. ठेवा पुन्हा. वा. पुन्हा काढा. कुठलं खरं, सांगता येत नाही.”

माझ्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं असावं, कारण गाल दुखायला लागलेले मला आठवतात. आरसा येत होता, जात होता, आणि सर दोन्ही वेळा तेच देऊळ सांगत होते. वर्षानुवर्षं दारातून रोज बघितलेलं. पाठ असलेलं.

मग एकेक आठवू लागलं. खोलीत शिरलं की “कोण, बाई का?” असं विचारणं. चहाचा कप आपण हातात दिल्याशिवाय न घेणं. गेल्या पावसाळ्यात खुर्ची दाराजवळ हलवून घेणं, “वारा लागतो इथे” म्हणून. आणि निबंध. निबंध तर दुसऱ्यानंच वाचायचा असा नियम होता. कागद सरांच्या समोर यायचाच नाही.

टाळ्या झाल्या. सरांनी फळी बाजूला केली. त्यांचा चेहरा घामानं चमकत होता. “हेमंत, ये. तू बघ.”

मी एक पाऊल पुढे टाकलं, पण काय करायला, ते मला माहीत नव्हतं. हेमंतनं फळी घेतली, डोळ्याला लावली. मास्तरांनी आरसा धरला, काढला, धरला. हेमंत बराच वेळ बघत राहिला. इंजिनियर माणूस, त्याला वेळ लागला तो चूक शोधायला नाही. फळी धरलेली त्याची बोटं पांढरी पडली.

“दिसलं?” सरांनी विचारलं. “तंतोतंत आहे की नाही?”

हेमंतनं फळी खाली घेतली. वडलांकडे बघितलं, मग देवळाकडे.

“हो बाबा,” तो म्हणाला. “तंतोतंत.”

त्या क्षणी मला तो माणूस आवडला.

सर लोहार मास्तरांकडे वळले आणि दोन्ही हात जोडले. “मास्तर, तुमच्या कामात चूक काढायला जागा नाही. ब्रुनेलेस्की असता तर त्यानं तुम्हाला शागीर्द म्हणून ठेवून घेतलं असतं.”

मास्तरांनी आरसा छातीशी धरला होता. साधा, सरळ माणूस. त्याच्या मनात सकाळपासून फक्त स्वतःची चूक घोळत होती, दुसरं काही त्याला दिसलंच नव्हतं. मी मान हलवून खुणावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

“नाही सर,” ते म्हणाले. “मला हे घेता येणार नाही. चूक आहे. मोठी आहे. आरशात उलटं दिसतं हे मी विसरलो. दीपमाळ उजवीकडे दिसते. तुम्ही मला सांभाळून घेताय, पण लोकांना फसवायचं नाही सर.”

“उलटं? बघू,” पाटणकर पुढे झाले, फळी डोळ्याला लावली. “धरा आरसा. अरेच्चा, खरंच की! दीपमाळ उजवीकडे! अहो सर, मग तुम्हाला कशी...”

वकील तिथेच थांबले. जन्मभर साक्षीदारांना पेचात पकडलेला माणूस, पण हा पेच लक्षात आल्यावर त्यांनी फळी हळूच खाली केली आणि तिच्याकडेच बघत राहिले.

देवळात कोणीतरी घंटा वाजवली.

सर दारात उभे होते. त्यांनी डावा तळहात चेहऱ्यासमोर फळीसारखा धरला, उजवा त्याच्यासमोर आरशासारखा. बोटांनी काहीतरी जुळवून बघितलं. मग दोन्ही हात मांडीवर आपटून ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

“आरसा! पंचवीस वर्षं शिकवलं मी! पंचवीस वर्षं! आणि आरसा उलटं दाखवतो हे एका पोरानं मला विचारलं नाही, मीही विचारलं नाही! मास्तर, चूक तुमची नाही, आपल्या सगळ्या मंडळाची आहे. ठरावात लिहा, वकील.”

मग हसू ओसरलं. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. कशासाठी, कोण जाणे.

“म्हणजे सगळ्यांनाच कळलं म्हणायचं,” ते म्हणाले.

हेमंत जवळ गेला. “कधीपासून बाबा?”

“उन्हाळ्यापासून काहीच नाही. त्याआधी भोकाएवढं होतं. मला वाटलं, निदान प्रयोगापर्यंत टिकेल.” त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. “आपलं ठरलं होतं. मी नाही म्हणत नाही. वकील, वरच्या खोलीची किल्ली कोटाच्या खिशात आहे माझ्या, तेवढी काढून घ्या.”

पाटणकर जागचे हलले नाहीत.

माझी मुलं भिंतीला टेकून काठ्या घेऊन उभी होती. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं मोडलंय हे मुलांना कळतंच. ती माझ्याकडे बघत होती. शिक्षकाला अशा वेळी एकच गोष्ट येते, पुढचा तास सुरू करणं.

“सर,” मी म्हटलं, “आमचं राहिलंय.”

“काय?”

“सुतळी. तुम्ही म्हणाला होतात, शेवटी, वेळ उरला तर.”

सरांनी मान माझ्याकडे वळवली. नाही म्हणतील असं वाटलं. “वेळ तर उरलाच आहे,” ते म्हणाले.

आम्ही टेबल दारात ठेवलं, त्यावर खिडकीची जुनी रिकामी चौकट उभी केली. तिच्या अलीकडे, हातभर अंतरावर, पडद्याची एक पितळी कडी टांगली, हा डोळा. मुलं अंगणात पांगली. प्रत्येकाच्या हातात सारख्याच उंचीची काठी, उभी धरलेली. काठीच्या वरच्या टोकाला एक सुतळी, खालच्या टोकाला एक. सगळ्या सुतळ्या चौकटीतून येऊन कडीत शिरत होत्या, आणि पलीकडची टोकं मी ताणून धरली होती.

“सर, चौकटीत हात घाला.”

मी त्यांची बोटं पहिल्या सुतळीवर ठेवली. “ही काठीचं डोकं. ही खाली, काठीचे पाय. मधलं अंतर बघा.”

त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणली. “वीतभर.”

“ही अगदी जवळची मुलगी. आता ही. ती नंदीजवळ उभी आहे.”

“चार बोटं.” त्यांचा आवाज बदलला. “आणि ही?”

“दीपमाळेजवळची.”

“तीन.” ते स्वतःच पुढची जोडी शोधू लागले. बोटं सुतळ्यांवरून सरकत होती, चाचपत, मोजत, परत मागे जात. “काठ्या सगळ्या सारख्याच ना?”

“सारख्याच.”

“जवळची मोठी. लांबची लहान.” ते पुटपुटले. “हाताला लागतंय हो, शिंगटेबाई. हे हाताला लागतंय!”

हेमंत हे बघत उभा होता. मी एक उरलेली काठी तिच्या सुतळ्यांसकट त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली. सुतळ्या सोडत तो अंगण ओलांडून थेट देवळाच्या पायरीपर्यंत गेला, आणि वळून, काठी उभी करून थांबला.

सरांची बोटं त्या जोडीवर आली.

“ही कोणाची? दोनच बोटं. एवढी लहान?”

“ती सगळ्यांएवढीच आहे सर. लांब आहे, इतकंच.”

“कोण आहे तिथे?”

“हेमंत.”

दोन्ही सुतळ्या सरांनी बोटांत धरून ठेवल्या. मग मान वर न करता म्हणाले, “त्याला सांगा, थोडा पुढे ये.”

सांगावं लागलं नाही. अंगणात तेवढी शांतता होती. हेमंतनं काठी उभी धरूनच एक पाऊल टाकलं. मी कडीतून सुतळी ओढून घेतली, ताण सुटू दिला नाही. तो अजून पुढे आला.

“तीन,” सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “चार.”

तो दीपमाळेपाशी आला, नंदीपाशी आला, मुलांच्या मधून आला. सरांची बोटं उघडत गेली. पंजा ताणला गेला. वीत पुरेना, तेव्हा त्यांनी दुसरा हात चौकटीत घातला. एक वरच्या सुतळीवर, एक खालच्या.

“ये,” ते म्हणाले. “अजून ये.”

सुतळ्या चौकटीच्या वर आणि खाली जाऊन लाकडाला अडल्या. त्या चौकटीत तो आता मावत नव्हता. सरांनी सुतळ्या सोडल्या आणि हात तसाच सरळ पुढे केला, चौकटीच्या पार. हेमंतच्या दाढीला त्यांची बोटं लागली.

“दाढी कधी वाढवलीस?” त्यांनी विचारलं.

“दिवाळीपासून आहे बाबा.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

हेमंत हसला की रडला, मला नीट दिसलं नाही. माझ्या हातात सगळ्या सुतळ्या होत्या. मग तो म्हणाला, “पुढच्या बैठकीत निबंध कोणाचा आहे?”

“माझा,” सर म्हणाले.

“बाई वाचणार?”

“ते तुमच्यावर आहे,” मी म्हटलं.

पाटणकरांनी किल्ली कधीच काढून घेतली नाही. पुढच्या दुसऱ्या रविवारी हेमंत पहाटेच्या गाडीनं पुण्याहून आला, आणि मग सर होते तोवर बहुतेक रविवारी येत राहिला. फळीवर मास्तरांना नवं चित्र काढायचं होतं, पण सरांनी ते काढू दिलं नाही. आरशात दीपमाळ अजून चुकीच्या बाजूला दिसते आणि फळी खोलीत टांगलेली आहे.

त्या पहिल्या बैठकीत हेमंतनं निबंध उघडला. तो सरांनी मला तोंडी सांगून लिहून घेतला होता. सर दाराजवळच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. पहिल्याच ओळीत ब्रुनेलेस्की आला आणि हेमंतची जीभ अडखळली. वकील खोकले. मास्तरांनी छताकडे बघितलं.

“पुन्हा,” सर म्हणाले. चौथीच्या वर्गात म्हणावं तसं, अजिबात घाई न करता. “सावकाश. मी कुठे जात नाही.”